वरच्या वहिनींची रजा

दुसऱ्याला रजा मिळाली म्हणून इतकी हरखणारी बाई आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींखेरीज जगात दुसरी नसेल. माणूस मूळचं साताऱ्याचं. राहणं पंचकुल्यात, नोकरी मोहालीत आणि साहेब डेन्मार्कात. जुलै उजाडला की तिकडचं अख्खं ऑफिस तीन आठवडे कुठल्याशा तळ्याकाठी जाऊन बसायचं आणि त्यांचं काम इथे वहिनी ओढायच्या. पण कुरकुर नाही. उलट जिन्यात मला अडवून सांगायच्या, "भाऊजी, आमच्या साहेबांनी फोनच बंद करून टाकलाय. होडीत बसलेत म्हणे." चेहरा असा, की होडी यांनीच वल्हवून आणलीय. त्यांची एक जपानी सहकारीण एका दिवसाची रजा घ्यायची तरी सगळ्यांची माफी मागायची आणि परतताना ऑफिसभर खाऊ वाटायची. ते सांगताना वहिनींचा जीव गलबलायचा. "कुणीतरी सांगा गं तिला, बस म्हणावं घरी निवांत," असं त्या आमच्या हिला म्हणत, आणि मांडीवरच्या लॅपटॉपवर बोटं चालूच. स्वतः मात्र ताप आला तरी कपाळावर ओली पट्टी ठेवून मीटिंगला हजर. लेक म्हणायची, "मम्मी, आप भी तो ले सकते हो." यांचं उत्तर ठरलेलं, "घेऊ की पुढच्या वर्षी."

त्या लेकीला यंदा पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. बोलता बोलता हे साहेबांना कळलं आणि त्यांनी वहिनींना तीन आठवडे रजेवर जायला सांगितलं. वहिनी हो म्हणाल्या आणि पहिल्याच दिवशी, दुपारची जेवणं आटोपताच, सवयीने लॅपटॉप उघडून बसल्या. पासवर्ड चालेना. धावत खाली आल्या. "भाऊजी, मला काढलं वाटतं." मी काही बोलणार तोच साहेबांचा फोन आला. वहिनींचं ऑफिसचं खातं त्यांनीच बंद केलं होतं. रजा संपली की उघडणार होते. वहिनी आमच्या सोफ्यावर टेकल्या. मग हळूच म्हणाल्या, "आता काय करायचं असतं हो?"

पण एकदा सुरू झाल्या आणि मग काय विचारता. मायलेकी बसने पिंजौरच्या बागेत जाऊन चिंब भिजून आल्या. एका दुपारी वहिनींनी लेकीला खर्डा शिकवला, मिरच्यांच्या खकाण्याने सगळी इमारत ठसकली, आणि समोरच्या सरदारजींनी गॅलरीतून विचारलं, "बहनजी, सब ठीक है जी?" जन्मभर हिंदीत उत्तरं देणारी ती पोर एका सकाळी खालून ओरडली, "आई, ये की लवकर, बस जाईल." अगदी साताऱ्याच्या सुरात. वहिनींनी हे मला इतक्या वेळा सांगितलं, की ते मीही ऐकलं होतं हे सांगायचं राहूनच गेलं.

लेक पुण्याला गेली. वहिनी पुन्हा कामावर रुजू झाल्या. आता मात्र पाच वाजले की त्या लॅपटॉप मिटतात, घरी येतात आणि आमच्याकडे चहाला बसतात. परवा कप खाली ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, संध्याकाळ केवढी मोठी असते हो. मला वाटायचं, नसतेच."