मागच्या बाकावरच्या कुमुदताई

“सुजाताताई, आई गई... म्हणजे, गेली.” कुमुदताईंच्या मुलाला, मिलिंदला, मराठी शब्द सापडायला जरा वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात माझ्या मनात येऊन गेलं की कुमुदताई कुठे गेल्या असतील बरं, इंदूरला त्यांच्या यजमानांकडे, साठ्येकाकांकडे तर नाही? दुखणं तसं जुनं होतं, हृदयाचं. पण आदल्या आठवड्यातच त्या दवाखान्यातून घरी आल्या होत्या आणि मला फोनवर रागावल्याही होत्या, त्यामुळे दुसरं काही डोक्यात आलंच नाही. मिलिंद कोर्टकचेरीतल्या पत्र्याच्या छपराखाली माझ्या टेबलापाशी उभा होता, हातात स्कूटरची किल्ली. समोर बसलेल्या अशिलाला वाटलं हाही आपल्यासारखाच कोणी, म्हणून तो सरकून त्याला जागा करून देत होता. माझा एक मुकदमा पुकारायचा होता. मिलिंदच म्हणाला, “आधी तो करून घ्या. आई रागावेल.” मी आत गेले, काय बोलायचं ते बोलले, बाहेर आले. आत काय झालं त्यातलं आज एक अक्षर आठवत नाही. मग त्याच्या स्कूटरवर मागे बसून त्यांच्या मालवीय नगरच्या घरी गेले... त्याला आता महिना उलटून गेला.

कुमुदताई साठ्ये मूळच्या मिरजेच्या. नवरा विमा कंपनीत अधिकारी. त्यांच्या बदलीबरोबर त्या जयपूरला आल्या, मिलिंद शाळेत जायला लागल्यावर संध्याकाळच्या वर्गांना जाऊन कायदा शिकल्या, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर काळा कोट घालून कचेरीत उभ्या राहिल्या. तेव्हा तिथे वकिली करणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यात ही एक ठेंगणी, जाड चष्म्याची, नाकात मोरणी घातलेली मराठी बाई. त्यांच्या हिंदीत घर बाई होऊन जायचं आणि फाईल पुरुष. “मेरे मुवक्किल की घर”, म्हणजे अशिलाचं घर, असं त्या ठणकावून म्हणायच्या आणि मागे खसखस पिकायची. मी एकदा विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटत? त्या म्हणाल्या, “हसू देत गं. हसताना तरी ऐकतात. ती दुसरी वकीलबाई बघ, शुद्ध बोलते, तिचं कोण ऐकतं?”

मी त्यांच्याकडे आले ती दुसऱ्या एका ज्येष्ठ वकिलांकडून नाकारली गेल्यावर. आमचं घर मूळ भंडाऱ्याकडचं, बौद्ध. बाबा रेल्वेत गार्ड. बदल्या होत होत जयपूरला आले आणि इथेच राहिले. रेल्वे क्वार्टरमधल्या आमच्या ओळीत वकील झालेली मी पहिलीच. बाबांच्या ओळखीच्या कोणीतरी शब्द टाकला म्हणून त्या वकीलसाहेबांनी मला घेतलं. आडनाव ऐकून त्यांनी विचारलं, रंगारी म्हणजे रंगरेज का, बगरूकडचे? तिथे कापड रंगवणाऱ्यांची आणि छापणाऱ्यांची मोठी वस्ती, त्यामुळे जयपुरात हा प्रश्न मला सगळेच विचारत. मी नाही म्हटलं आणि आम्ही कोण ते सरळ सांगितलं. ते काहीच वाईट बोलले नाहीत. उलट चहा मागवला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, बेटा, सध्या फारसं काम नाही, घरी वाचन करा, लागेल तेव्हा बोलावून घेऊ. मी महिनाभर वाट पाहिली. ते बोलावणार नाहीत हे मला कळलं होतं, पण घरी सांगणार कसं? म्हणून रोज कोट घालून निघायची आणि कचेरीच्या व्हरांड्यात उभी राहायची.

अशीच एकदा उभी असताना हातातली फाईल कुठेतरी राहून गेली आणि मी स्वतःशीच पुटपुटले, “कुठं ठेवून दिली मी? मतलब, आत्ताच तर हातात होती...” मागून आवाज आला, “तो ‘मतलब’ काढून टाक, मग मराठी बरी आहे तुझी.” वळून पाहिलं तर कुमुदताई. फाईल खिडकीच्या कठड्यावर होती, ती त्यांनीच उचलून दिली. कोणाकडे बसतेस असं त्यांनी विचारलं, आणि कोण जाणे का, जे मी आईलाही सांगितलं नव्हतं ते सगळं त्यांना तिथेच उभ्या उभ्या सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. गळ्यात पडणं, धीर देणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. एवढंच म्हणाल्या की उद्यापासून माझ्या टेबलावर ये, आणि मॅडम म्हणू नकोस, ताई म्हण.

त्या शिकवायच्या म्हणजे काय करायच्या हे सांगणं कठीण आहे. भाषण कधी दिलं नाही. मी लिहून आणलेला दावा वाचायच्या आणि पहिली दोन पानं सरळ बाजूला ठेवायच्या. “गोष्ट इथून सुरू होते. आधीचा सगळा तुझा घाबरटपणा आहे.” रागावल्या की कुणासमोरही रागवायच्या, मग तासाभराने काहीच न झाल्यासारखं डब्यातलं थालीपीठ पुढे करायच्या. अशील आलं की मला बाहेर पाठवायच्या नाहीत. उलट स्वतः उठून जायच्या, विशेषतः बाई असली की. म्हणायच्या, मोठ्या वकिलासमोर बाई तिच्या वडिलांनी पढवलेलं बोलते, तुझ्यासमोर तिचं स्वतःचं बोलेल.

पण मला त्यांचं मोठेपण जिथे कळलं, ती गोष्ट त्यांच्या एका चुकीपासून सुरू होते. सुरुवातीच्या दिवसांत कोणी माझं आडनाव ऐकून तोच प्रश्न विचारला की त्या माझ्या आधी उत्तर द्यायच्या, हां हां, वही, रंगाईवाले. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. त्या हे माझ्या भल्यासाठी करताहेत हे मला दिसत होतं, आणि तेच गिळवत नव्हतं. शेवटी मालवीय नगरच्या त्यांच्या घरी, पुढच्या खोलीत, काम आटोपल्यावर मी म्हटलं, “ताई, माझं नाव विचारलं तर मलाच सांगू द्या.”

“का गं? काय झालं?”

“बाबांनी नोकरीभर हेच नाव छातीवर लावून गाड्या नेल्या. आम्ही कोण ते कधी लपवलं नाही. ते लपवून मी वकील झाले, तर कोर्टात माझी बहस ऐकायला मी त्यांना कुठल्या तोंडानं बोलावू?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “मला वाटत होतं, मी तुझी वाट सोपी करतेय,” म्हणाल्या. आणि मग हळूच, “खरं तर माझीच करत होते, नाही का?” दुसऱ्या दिवशी त्यांनी जे केलं ते मी करू शकले असते असं मला वाटत नाही. ज्या ज्या वकिलांना त्यांनी तसं सांगितलं होतं त्यांच्या टेबलापाशी त्या एकेक करून गेल्या, आणि आपल्या त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, “मैंने आपको गलत बताया था. ये सुजाता रंगारी, भंडारा के बौद्ध हैं. मेरी जूनियर हैं.” मी शेजारी उभी होते. कोणी म्हणालं, अरे वकील साहिबा, त्यात काय एवढं. कोणी मान खाली घालून कागद चाळत राहिलं. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या टेबलाची अर्धी जागा वापरणारे वकील दुसरीकडे बसायला गेले आणि दोन जुनी घराणी त्यांच्याकडून आपली कामं घेऊन गेली. मला हे कुमुदताईंकडून कधीच कळलं नाही. साठ्येकाकांच्या तोंडून एकदा सहज निसटलं तेव्हा कळलं, आणि त्या काकांवरच चिडल्या.

पुढे काकांची बदली इंदूरला झाली. इथल्या मराठी मंडळींना वाटलं, बाईंचा कोट आता खुंटीला. बदलीमागे बदली, सामानामागे सामान, हेच आमच्या सगळ्यांच्या घरांचं आयुष्य. कुमुदताई म्हणाल्या, माझे मुकदमे इथे आहेत, मी राहणार. हळदीकुंकवात बायका त्यांच्याशी जपून बोलू लागल्या, नवऱ्याचं आणि त्यांचं बिनसलं असणार अशी कुजबूज झाली. तसं काही नव्हतं. काका दर महिन्याला बसने यायचे, येताना इंदूरची शेव आणायचे, आणि ताई कोर्टातून येईपर्यंत कुकर लावून ठेवायचे. पण एकटीने घर ओढणं, मिलिंदचं कॉलेज, तापलेल्या दुपारी दोन बस बदलून येणं... त्या थकत. मात्र पुढची तारीख मागून घेणं त्यांना अपमानासारखं वाटायचं.

त्याच काळात संतोषचा मुकदमा आला. संतोष हे इकडे मुलीचंही नाव असतं. मुरलीपुऱ्यातल्या एका छोट्या कारखानदाराची ती मुलगी. सासरच्यांनी तिला हाकलून दिलं होतं आणि तीन वर्षांचा मुलगा ठेवून घेतला होता. वडील कुमुदताईंचं नाव ऐकून आले. तयारी मी केली, संतोषशी बोलणं माझंच झालं, आणि सुनावणीच्या आधी ताईंनी जाहीर केलं की बहस सुजाता करेल. वडिलांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याविषयी चौकशी केलेली दिसत होती. अगदी नम्रपणे म्हणाले की आमच्या समाजात लोक विचारतील, मुलीची गोष्ट आहे, बहस आपणच करा, नाहीतर कागद परत द्या. कुमुदताईंनी कागद उचलून टेबलाच्या मधोमध ठेवले. “कागज आपकी बेटी के हैं,” त्या म्हणाल्या, “उससे पूछिए.”

संतोष तोवर पदर तोंडाशी धरून बसली होती. तिने वडिलांकडे पाहिलंही नाही. “बाबूजी, आज तक सबने मुझे बताया कि क्या करना है. पूछा बस इन्होंने.” आणि तिने माझ्याकडे बोट केलं.

सुनावणीला बाबा आले. रात्रभर गाडीवर ड्यूटी करून आले होते, गार्डचा पांढरा पोशाख तसाच अंगावर. कुमुदताई मागच्या बाकावर बसल्या होत्या, त्यांनी पर्स उचलून बाबांना शेजारी जागा दिली. जजसाहेबांनी विचारलं, साठ्येजी नाहीत का? ताई मागे उभ्या राहिल्या, म्हणाल्या, मी आहे, पण बहस माझी सहकारी करेल, आणि बसल्या. मी बोलायला लागले. समोरचे वकील मोठे होते. त्यांनी मध्येच एक मुद्दा असा काढला की माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी वळून ताईंकडे पाहिलं. त्या खाली मान घालून चष्मा पुसत होत्या. पुन्हा पाहिलं, अजून पुसतच होत्या. बाबा मात्र सरळ माझ्याकडे बघत होते, सिग्नलकडे बघावं तसे. मी पुढे वळले. संतोषने मला सांगितलं होतं तेच मी साध्या शब्दांत सांगायला लागले, की मूल रात्री कशाने उठतं, कोणाला हाक मारतं, आणि ती हाक आज तिथे कोणी घेत नाही. जजसाहेबांनी लेखणी खाली ठेवून ऐकलं. मूल आईकडे आलं, आधी काही दिवसांसाठी आणि पुढे कायमचं. संतोषच्या वडिलांनी बाहेर येऊन कुमुदताईंना हात जोडले, मला नाही. पण वर्षभराने त्यांनी आपल्या पुतणीला पाठवलं, आणि ती माझं नाव विचारत आली.

त्या संध्याकाळी मी ताईंना विचारलं, मी बघत होते तेव्हा तुम्ही वर का नाही पाहिलंत? “पाहिलं असतं तर तू माझ्याकडेच बघत बसली असतीस,” त्या म्हणाल्या. मग थांबून, “काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या गं. चष्मा कसला पुसतेय...”

त्यांच्या टेबलाशी माझ्यानंतर आणखी मुली आल्या. सगळ्या टिकल्या नाहीत. एकीचं लग्न झालं, एक सरकारी नोकरीत गेली. सगळ्यांत शेवटी आली ती रामगंजची शबनम, बारीक आवाजाची आणि पक्क्या स्मरणशक्तीची. तिला घेतलं तेव्हा मी ताईंना म्हटलं की तुमची तब्येत अशी, आता नवीन ज्युनिअर कशाला? त्या म्हणाल्या, “माझी कुठे? तुझी आहे ती. मी फक्त बोलावलंय.” दवाखान्यात शेवटची भेट झाली तेव्हाही शबनमचाच विषय. तिच्या एका दाव्यात मी फार दुरुस्त्या केल्या होत्या, ते त्यांना कुठून कळलं देव जाणे. तिचं वाक्य तिचंच राहू दे, म्हणाल्या, तुझ्यासारखं लिहायला लागली तर दोघींतली एक कशाला हवी? त्यांना धाप लागत होती. मी म्हटलं, ताई, नंतर बोलू. घरी आल्यावर फोनवर त्यांनी उरलेलं बोलून टाकलं.

मालवीय नगरच्या त्या पुढच्या खोलीला पडदा नाही. रस्त्यावरची मोठी खिडकी, जयपूरचं ऊन, मेमधल्या लूच्या झळा, तरी कुमुदताईंनी कधी पडदा लावू दिला नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या बाईला आत बाईच बसलेली दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. कितीतरी जणी खिडकीसमोरून फेऱ्या मारत, आणि मग कधीतरी फाटक वाजे. दिवसकार्याला आलेल्या कोणी नातेवाइकांनी उन्हाची तिरीप नको म्हणून तिथे एक चादर बांधून टाकली. मंडळी परतली, खोली बंद राहिली. गेल्या आठवड्यात मिलिंदने मला बोलावून घेतलं. ही खोली किरायाने द्यायची नाही, म्हणाला, तुम्ही आणि शबनम बसा. आणि खुर्चीवर चढून त्याने ती चादर स्वतःच सोडली. उजेड एकदम आत आला. टेबलावर धूळ होती, ती शबनम पुसायला लागली. मी ताईंच्या खुर्चीत न बसता बाजूच्या खुर्चीत बसले.

थोड्या वेळाने खिडकीबाहेरून एक बाई गेली. परत आली, पुन्हा गेली. मग फाटक वाजलं. दारात उभं राहून, चप्पल न काढताच, तिने हळू आवाजात विचारलं, “वकील साहिबा हैं?”

शबनम माझ्याकडे पाहू लागली.

“हैं,” मी म्हटलं. “आइए, बैठिए.”