मोटर भरायचं शिक्षण

आमच्या विहिरीवरची मोटर त्या उन्हाळ्यात दोनदा जळाली. व्होल्टेज इतकं कमी यायचं की घरातला बल्ब नुसता लाल दिसायचा, पण पिकाला पाणी तर द्यायलाच हवं. दुसऱ्यांदा जळाली तेव्हा दादांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, मीही जीपमध्ये बसून नारायणगावला गेले. माझी दहावीची परीक्षा संपली होती आणि मोटर उचलायला त्यांना कुणीतरी हवंच होतं.

मोटर भरणारा माणूस दुकानाबाहेर पत्र्याखाली बसला होता. त्यानं आमची मोटर उघडली, काळ्या पडलेल्या तारा तोडून काढल्या आणि खाचा साफ करून त्यात कागदाच्या पट्ट्या बसवल्या. मग नव्या लालसर तारेची वेटोळी एकेक करून आत बसवत गेला. दादा बाजारात जाऊन आले, चहा पिऊन आले. मी जागची हलले नाही.

"पोरीला लई आवड दिसती," तो दादांना म्हणाला. "आयटीआयला पाठवा की. इलेक्ट्रिशियनला मुलींच्या जागा असत्यात, पण कोण येत न्हाई."

त्या रात्री जेवताना दादांनीच विषय काढला. आत्या आमच्याकडेच असायची. तिच्या मते मला गावातच, पिंपरी पेंढारला, शिवणक्लास लावावा, म्हणजे शिकता शिकता ब्लाउज शिवून चार पैसे येतील. दादांना मी बारावी करून डीएडला जावं असं वाटायचं, पण माझे मार्क आणि खासगी कॉलेजांचं डोनेशन बघता तो विचार त्यांनी मनातल्या मनात सोडला असावा.

"आयटीआयची फी तर काईच न्हाई," ते म्हणाले. "एसटीचा पास, ड्रेस, बूट, पक्कड-टेस्टर. तेवढं आपल्याच्यानं व्हईल."

"फीचं काय घेऊन बसलात?" आई म्हणाली. "टोमॅटोच्या तोड्याला माणूस कुठून आणायचा?"

खरा खर्च तो होता. शेतात आई, दादा आणि मी असे तिघं राबायचो. मी दोन वर्षं रोज जुन्नरच्या आयटीआयला गेले तर माझ्या जागी मजूर लावावा लागणार. आणि शिकून झाल्यावर मला काम मिळेल की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. इलेक्ट्रिशियन बाई आमच्यापैकी कुणी बघितलीच नव्हती.

दोन-तीन दिवस गेले. मग एका सकाळी आई भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "मी शेजारणीशी सावड केलीय. एक दिवस मी तिच्या रानात, एक दिवस ती आपल्या. मजूर लागायचा न्हाई. तू फॉर्म भर."

सावड म्हणजे कामाची अदलाबदल, त्यात पैसे जात नाहीत. आईचे मोकळे दिवस तेवढे गेले.

वर्गात मी एकटीच मुलगी. पहिले काही महिने आम्हाला विजेजवळ जाऊच दिलं नाही. लोखंडाचा तुकडा शिकंज्यात घट्ट धरायचा आणि कानसीनं घासून सपाट करायचा. आई रोज विचारायची, आज काय शिकवलं?

"लोखंड घासायला."

"ते तर आमी भांडी घासून शिकलो," ती म्हणाली आणि हसली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं.

दुसऱ्या वर्षी मोटरी आल्या आणि माझे हात चालायला लागले. पास झाल्यावर भोसरीच्या एका कारखान्यात वर्षभर अप्रेंटिस म्हणून लागले. गावात दादा सांगायचे, पोरगी कंपनीत आहे. कंपनीचं विद्यावेतन खोलीच्या भाड्यात, मेसमध्ये आणि येण्याजाण्यात संपायचं. सणाला घरी येताना मी पेढे आणायचे, त्यापलीकडे काही नाही. वर्ष संपलं आणि कारखान्यानं कायम केलं नाही. आमच्यातल्या कुणालाच केलं नाही.

मी परत आले तेव्हा तोडाच चालू होता. दुसऱ्या दिवशी मी रानात गेले. "तीन वर्षं," आत्या एवढंच म्हणाली. आईनं माझ्या हातात क्रेट दिला आणि कामाला लागली.

नारायणगावच्या त्या मोटर भरणाऱ्या माणसाची दृष्टी अधू झाल्याचं दादांना बाजारात कळलं. दुकान एका जैन शेठजींचं होतं. त्यांचे आजोबा कधीतरी राजस्थानातून आले होते, शेठजींची भाषा मात्र आमच्यासारखीच. दादा मला घेऊन गेले तेव्हा ते म्हणाले, "पगार न्हाई देता यायचा. मोटरमागं पैसे देईन. बघा जमतंय का."

पहिली मोटर घेऊन आलेला शेतकरी मला बघून थबकला. "शेठ, मोटर ही भरणार?"

"हीच भरणार. बिघडली तर तार माझ्या पदरची."

आणि बिघडली. बटण दाबल्यावर मोटर नुसती घुमली, फिरेना. एका वेटोळ्याची टोकं मी उलटी जोडली होती. शेतकरी बाकावर बसून बघत होता. शेठजी गल्ल्यावरून उठलेही नाहीत. "उघड परत," म्हणाले, "आणि पावण्यांना चहा सांग." मी उघडली, टोकं बदलली, पुन्हा बांधली. या वेळी फिरली. तो शेतकरी पुढच्या उन्हाळ्यात स्वतःहून माझ्याकडे आला, वर भावाचीही मोटर घेऊन.

उन्हाळ्यात मला बसायला सवड नसायची आणि पावसाळ्यात अख्खा महिना रिकामा जायचा. कारखान्यात कायम झाले असते तर दर महिन्याला ठरलेलं मिळालं असतं, हे माझ्या मनातून लवकर गेलं नाही. आईला मी तसं म्हणाले तेव्हा तिला नवल वाटलं नाही. "टोमॅटोसारखंच हाय की," ती म्हणाली. "कधी भाव, कधी फेकून द्यायचं."

लग्न होऊन मी आंबेगाव तालुक्यात आले आणि मंचरला स्वतःच्या दुकानासाठी गाळा घेतला. एका पावसाळ्यात घोड नदीला पाणी चढलं आणि काठावरच्या मोटरी बुडाल्या. पाणी उतरल्यावर लोक चिखलानं भरलेल्या मोटरी टेम्पोतून आणायला लागले. गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बऱ्याचशा धुऊन, वाळवून चालणार होत्या, पण उघडायच्या तर सगळ्याच. आई तेव्हा माझ्याकडे राहायला आली होती. एक दिवस नुसती बघत बसली. दुसऱ्या दिवशी पदर खोचून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "जुनी तार कशी काढायची, दाखव."

दाखवली. दुपारपर्यंत ती माझ्याइतक्याच वेगानं काढायला लागली. खाचा तर माझ्यापेक्षा स्वच्छ करायची. काम संपेना म्हणून तिचा मुक्काम वाढला. दादा न्यायला आले, तर तिनं त्यांना एकटंच परत पाठवलं.

शनिवारी हात धुताना ती म्हणाली, "मोटरमागं मला काय देणार?"

"आई, घरचंच काम आहे."

"घरचं आजवर लई केलं. दर सांग."

मी दर सांगितला. तिनं तो वाढवून मागितला आणि मी कबूल झाले. पहिल्या पैशांतून तिनं दादांना न सांगता चष्मा केला, कारण बारीक तारा तिला नीट दिसत नव्हत्या.