काकूंशिवाय न जुळणारी फाईल

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. पिरंगुटच्या बाजारात माझा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे आणि मला भीती वाटते ती फक्त हार्डडिस्क उडण्याची! म्हणून लग्नाच्या प्रत्येक फाईलचा मी चेकसम, म्हणजे तिच्यावरून निघणारा एक खास आकडा, काढून ठेवतो. फाईलच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा ना. आत कणभर बदल झाला तरी तो जुळत नाही.

मागच्या उन्हाळ्यात चेकसमची जुनी पद्धत सोडून नवी, जास्त भरवशाची घ्यायचं ठरवलं. यातली मेख अशी, की आधी जुना अंगठा जुळवायचा, मगच नवा घ्यायचा. नाहीतर खराब फाईलवरच ‘बरोबर’चा शिक्का बसतो.

सगळ्या फाईली मुकाट जुळल्या. अडली एकच – उरवड्याच्या शांताकाकूंच्या थोरल्या मुलीच्या हळदीची. केबल बदलली, दुसरा कॉम्प्युटर घेतला, बॅकअपची प्रत लावून पाहिली... छे! काकांचा नाच आला, की चित्र गोठायचं. काका आता नाहीत, आणि धाकटीच्या हळदीत तोच नाच पडद्यावर लावायचं काकूंच्या मनात होतं.

शेवटी काकूंना बोलावलं.

“काय वो रफीकभाऊ, हाय का आमच्या ह्यांचा नाच?” म्हणत त्या खुर्चीवर टेकल्या. चित्र कुठे गोठतं ते दाखवायला मी व्हिडिओ लावला... आणि काका दिसले! ढोलवाल्यांपुढे अडून उभे. “आमची मंडळी आल्याबिगर मी न्हाई नाचायचा!” मग हळदीने माखलेल्या काकू आल्या आणि काका असे नाचले, की विचारू नका.

काकू डोळे पुसत हसल्या. “लई हट्टी. जेवायला बी माझ्याबिगर बसायचे न्हाईत.”

मी घाईघाईने जुना चेकसम लावला. जुळला! लगेच नवा काढला. काकू गेल्यावर सहज पुन्हा तपासला... तर जुळेना.

मारुंजीचा माझा आयटीवाला मित्र म्हणतो, “रॅम बघ रे.” रॅमही बदलली. फरक शून्य.

धाकटीच्या हळदीत काकूंना पडद्यासमोरून उठूच दिलं नाही. नाच झकास झाला!

हे कसं होतं, ते मला आजही माहीत नाही. त्या फाईलच्या तपासणीची वेळ आली, की मी काकूंना फोन करतो. त्या कांदाभजी घेऊन येतात, पदर सावरून बसतात आणि पडद्याला सांगतात, “आले वो मी... नाचा आता.”