उतरतं पाणी

मी आयर्लंडला निघाले त्या सकाळी बाबा अंगणात गाळ ढकलत होते. आदल्या दिवशी नदी आत येऊन गेली होती. गाडी दारात, आई डोळे पुसतेय आणि हे खराटा सोडायला तयार नाहीत! म्हणाले, "उतरत्या पाण्याबरोबर ढकलला तर गाळ जातो. बसला की खरवडावा लागतो. जा तू, पोचलीस की फोन कर." मला भयंकर राग आला. चिपळूणजवळच्या आमच्या गावात दर पावसाळ्यात हेच: पाणी चढलं की माळ्यावर, उतरलं की खराटा घेऊन खाली.

ते २०२० साल. आयर्लंडमधल्या ल्यूकन गावात ज्या घरात मी खोली घेतली तिथे जोसेलिन राहायची. ती कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावरची, इथे वृद्धाश्रमात कामाला. लॉकडाउनमध्ये आम्ही तिथल्या लिफी नदीच्या काठानं चालायचो. "हिला नदी म्हणतात?" ती नाक मुरडायची. तिच्या बेटावर पावलोपावली नद्या, आणि एकही गरीब स्वभावाची नाही. मळ्यांतून पळालेले गुलाम त्या नद्यांच्या उगमाकडे, डोंगरात लपायचे. गोरे शिपाई पात्रातूनच मागावर चढायचे आणि सापडेल त्याचं मुंडकं कापून खाली आणायचे. जोसेलिनच्या घरात सांगत, एकदा पळालेल्यांनी वर ओंडके रचून नदी अडवली. पात्र कोरडं बघून शिपाई आत शिरले, तेव्हा ओंडके सोडले. खाली आलं ते नुसतं मांस.

हे सांगताना ती हसायची. पुढचं सांगताना नाही. एका वादळात भर पावसात नदी ओसरली, म्हणून तिची आई अडकलेले मासे वेचायला पात्रात उतरली. वर दरड कोसळून पाणी तुंबलं होतं. ते फुटलं. सापडला तो फक्त आईचा हात, अंगठीवरून ओळखला.

पुढच्या जुलैत आमच्या घरात कमरेइतकं पाणी चढलं. इथे सकाळ होती, मी स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभी. आई माळ्यावरून म्हणाली, "उतरायला लागलं गं. बाबा गेले खराटा घेऊन." मी हुश्श केलं. जोसेलिन प्रेसमधून, म्हणजे भिंतीतल्या कपाटातून, कप काढत होती. तिला म्हटलं, "ऑल ग्रँड. पाणी उतरतंय."

"पाऊस थांबला?"

आईला विचारलं. पाऊस कोसळतच होता.

कप फुटला. "वर घे त्यांना! आत्ताच्या आत्ता!"

मी किंचाळले. आईनं हाका मारल्या. बाबा खालून ओरडले, "गाळ बसेल!" मग आई म्हणाली, "तर मीही येते खाली. मरू दोघं." तेव्हा कुठे शिव्या घालत ते शिडी चढले. मला झाडं मोडल्यासारखा आवाज ऐकू आला आणि फोन तुटला.

संध्याकाळी शेजाऱ्यांच्या फोनवरून कळलं, दोघं वाचली. पुढची भिंत, गोठा, अंगण सगळं गेलं. म्हैस दाव्यासकट फरफटत गेली. तिचं ओरडणं बाबांच्या कानातून जात नाही.

भिंत पुन्हा उभी राहिली, पण घर म्हटलं की आता मला ती आठवत नाही. आठवते ती त्याच वर्षीची नारळी पौर्णिमा. जोसेलिनच्या आईचं मी घरी सांगितलं होतं. दरवर्षी नदीला नारळ देणारे बाबा म्हणाले, "यंदा तिला काही नाही." मग विचारलं, "त्या पोरीच्या आईचं नाव काय?"

"मारी."

व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघी बघत होतो. बाबा काठावर उभे राहिले, "हा मारीचा!" म्हणाले आणि नारळ वाहिला नाही, दगड मारावा तसा नदीच्या तोंडावर हाणला.

जोसेलिन रडत होती. म्हणाली, "त्यांना सांग, अजून एक. अजून जोरात."