मी धूळ समजून पुसलेले जीव

"घाई असेल तर दगड मोजा, येनाकर. गोगलगायीला हात लावू नका."

असं म्हणत बाई माझ्या हातातली काचेची वाटी काढून घेत आणि पुन्हा दिव्याखाली ठेवत. माझं आडनाव येनाकर नाही. येना या जर्मन शहरातल्या एका कंपनीत मी सूक्ष्मदर्शकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो, एवढ्यावरून त्यांनी माझं बारसं केलं होतं. बाई मूळच्या रत्नागिरीच्या. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका लहानशा संशोधन केंद्रात त्या पंचवीसेक वर्षं समुद्री गोगलगायी तपासत होत्या. त्यांच्या डोळ्यांचं काम यंत्राला शिकवायला मला पाठवलं होतं.

काम दिसायला सोपं. खडकावरून वेचलेली एकेक गोगलगाय एकेका वाटीत, थोडं समुद्राचं पाणी, वर दिवा. मग वाट बघायची.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली.

"हिची तब्येत कशी वाटते?"

"ठणठणीत."

"गेनाऊ, अगदी बरोबर. खाते, फिरते, दगडाला घट्ट चिकटते. फक्त हिला आता अंडी होणार नाहीत. कधीच."

अंडी जिथे तयार व्हायची ती जागाच एका परजीवी कृमीने व्यापली होती. नर असता तरी हेच झालं असतं. कृमी तिला मारत नाही, गोगलगाय जगायलाच हवी असते. ती खाते आणि त्यावर वाढतं ते कृमीचं कुटुंब, वर्षानुवर्षं.

तासाभराने बाईंनी वाटी काळ्या कागदावर ठेवली. "आता बघा."

पाणी थरथरत होतं. नखाएवढ्या त्या जीवातून पांढरे कण निघत होते. दहा, शंभर, मग मोजणं सोडूनच दिलं. प्रत्येक कणाला शेपूट, प्रत्येकाची स्वतःची लगबग. या अळ्या शिंपल्यांत शिरणार, शिंपले सीगल पक्षी खाणार, सीगलच्या विष्ठेतून कृमीची अंडी दुसऱ्या एखाद्या गोगलगायीच्या पोटात जाणार. तुम्ही कधी अशा वाटीवर वाकून पाहिलंत तर तुमचाही श्वास आपोआप हळू होईल. माझा झाला.

"बाई, ही गोगलगाय म्हणायची की त्यांचं घर?"

"मी इतकी वर्षं तेच विचारतेय. उत्तर मिळालं की निवृत्त होईन."

कँटीनमध्ये त्या मासे आवडीने खात, शिंपल्यांना मात्र हात लावत नसत. "ओळखीच्यांना खात नाही," म्हणायच्या.

आता जे सांगायचं ते. आमच्या धंद्यात धूळ म्हणजे शत्रू. भिंगावरचा, काचेवरचा, चित्रातला प्रत्येक बारीक ठिपका पुसून टाकायची मला सवय. या कामातही मी न विचारता, सवयीनेच, तशी चाळणी बसवली. दाट ढग यंत्राला दिसत. पण ज्या वाटीत थोड्याच अळ्या, ती वाटी चाळणीतून स्वच्छ होऊन बाहेर पडे. बाई त्याच वाटीसमोर 'बाधित' लिहीत.

हंगाम संपताना यंत्राचे आणि बाईंचे आकडे जुळेनात. केंद्राचे प्रमुख भला माणूस. बैठकीत हळू आवाजात म्हणाले, "आल्झो, म्हणजे असं की, डोळे थकतात. कुणाचेही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "येनाकर, तुमच्या यंत्राला खरंच काही दिसलं नाही?"

"नाही," मी म्हणालो. तेव्हा ते खरं होतं.

तीन आठवड्यांनी येनात मूळ चित्रं उघडली तेव्हा त्या अळ्या दिसल्या. प्रत्येक शेपटी दिसली. मी चाळणी काढली आणि टिपणात लिहिलं : किरकोळ सुधारणा. आणखी दोन केंद्रं आमचं यंत्र घ्यायच्या विचारात होती. पण ते निमित्त. खरं म्हणजे मला लाज वाटली आणि मी गप्प बसलो. तोवर बाईंनी मोजणीचं काम आपणहून सोडलं होतं. काही महिने त्यांनी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, मग मुदतीआधीच निवृत्ती घेऊन रत्नागिरीला गेल्या.

मी चार वर्षं गप्प राहिलो. या वसंतात प्रमुखांना सगळं लिहून कळवलं. त्यांनी मूळ चित्रं पुन्हा तपासून घेतली आणि बाईंच्या नोंदी होत्या तशा परत लावल्या. मग मी रत्नागिरीला फोन केला.

"कोण, येनाकर? अजून घाईत आहात का?"

मी पाठ करून ठेवलेलं विसरलो. "बाई, तुमचे डोळे चुकले नव्हते. त्या अळ्या मी धूळ म्हणून पुसत होतो. मला कळलं होतं, तुम्ही तिथे असतानाच. मी बोललो नाही."

मग अगदी बारीक आवाजात, "म्हणजे त्या होत्या?"

"होत्या."

"शेवटच्या आठवड्यात एका वाटीत चारच होत्या. मला वाटलं, भास."

"चारच होत्या. मी पाहिल्या."

"अहो, इथे आल्यापासून मी खडकांकडे वाकून बघितलंच नाही. म्हटलं, नसलेलं दिसायचं." मग आवाज एकदम बदलला. "किती वाजले? थांबा हं, ओहोटी लागली असेल."

मी थांबलो. मला माफी मागायची होती. पलीकडे चपला सरकल्या, बादलीची कडी वाजली, दार ओढलं गेलं. फोन चालूच होता. रिकाम्या घरात पंखा फिरत होता आणि मी, कान लावून, तो ऐकत राहिलो.