आवाज येतो, हात दिसत नाहीत

ऑफिसात तिला सगळे वैद्यीणबाई म्हणत. बिघडलेलं अ‍ॅप तिच्या टेबलावर आलं की बरं होऊनच जायचं. पण या खेपेची तक्रार तिच्या थोरल्या बहिणीकडून आली होती.

ताई जन्मापासून बहिरी, आणि बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिक्षिका. मुलांच्या आयांना खुणांची भाषा शिकवणारं एक अ‍ॅप या ऑफिसानेच केलं होतं. त्यातल्या व्हिडिओंमधले हात ताईचे. शाळेला आयांसाठी देणगीत मिळालेल्या फोनांवर मात्र 'भूक', 'दुखतंय' हे शब्द खणखणीत ऐकू येत आणि पडदा काळाठिक्कर. खुणांच्या अ‍ॅपमध्ये नुसता आवाज, यात धाकटीला थट्टेसारखं काही वाटलं नाही. त्यांच्या स्वतःच्या आईला उभ्या जन्मात ताईशी धड दोन वाक्यं बोलता आली नव्हती.

तिने तसला एक फोन आणवला आणि आठ दिवस त्याच्या मागे हात धुऊन लागली. प्लेअर बदलला, व्हिडिओ लहान केले, दुसऱ्या फॉरमॅटात घालून पाहिले. शेवटी कळलं, फोनमधली चित्र उलगडणारी चिपच खोटारडी. 'जमतं' म्हणून सांगायची आणि काळोख हातावर ठेवायची. फोन बनवणाऱ्यांनी तो केव्हाच वाऱ्यावर सोडला होता. मग चिपला बाजूला सारून तिने ते काम अ‍ॅपकडूनच करवून घेतलं. चित्र आलं! तिचा जीव भांड्यात पडला, आणि फोन घेऊन ती तडक शाळेत गेली.

ताईने व्हिडिओ तीनदा पाहिला. फोनला तेवढा दम नव्हता. चित्र मध्येमध्ये गळत होतं, हात इथून तिथे उडी मारत होते. ताईने खुणेने सांगितलं, "मी 'थांब' म्हणतेय. दिसतंय 'जा'."

साहेबांकडे तिने आणखी एक महिना मागितला. ते वाईट माणूस नव्हते. असे फोन शंभरात दोन, ते सोडून दे, एवढंच म्हणाले. महिना मिळाला असता तरी काय केलं असतं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

ताईला सांगायला ती पुन्हा गेली. ताई रागावली नाही. वर्गाकडे बोट करून तिने सावकाश विचारलं, "या मुलांना मी आहे. यांच्या आया कुणाकडे शिकणार?"

धाकटीला खुणा सगळ्या येत होत्या. तरी तिचे हात मांडीवरून उचलले गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने अ‍ॅपमध्ये एक ओळ घातली: या फोनवर व्हिडिओ दिसणार नाहीत.