काच हातात होती

आमचे हे आरसे बनवतात, आणि रोज शर्टाची बटणं वरखाली लावून घराबाहेर पडतात. काच कापण्यात मात्र त्यांचा हात कुणी धरणार नाही. माझा धाकटा भाऊ त्यांचा भागीदार. त्याला काच कापायचं यंत्र हवं होतं, यांना यंत्राचं नाव नको. शब्दाने शब्द वाढला, दुकान कुणी ठेवायचं इथवर गोष्ट गेली, आणि भावाने माझ्या घरात पाऊल टाकणं बंद केलं. भांडण त्यांचं, शिक्षा मला! मी दोघांवरही नुसती जळफळत होते.

करारात लिहिलं होतं, तंटा झाला तर दोघांच्या संमतीने एक लवाद नेमावा. यांनी नेमला आरशांच्या चौकटी पुरवणारा लाकूडवाला. त्याने दुकान यांना दिलं. भावाने नेमले निवृत्त मास्तर. त्यांनी तेच दुकान भावाला दिलं. दोन्ही निवाडे कोर्टात गेले.

न्यायाधीश बाईंनी यांना विचारलं, लाकूडवाल्याला मेहुण्याची संमती होती का. हे म्हणाले, होती तर, मी सांगितलं तेव्हा तो नाही म्हणाला नाही. मास्तरांबद्दल भावाचंही तेच उत्तर.

"मग तुम्ही तेव्हाच नकार का दिला नाही?" बाईंनी भावाला विचारलं.

"काच हातात होती, मॅडम."

मोठी काच दोघांनी उचलायची, आणि दुकानाचा नियम असा की वाट सांगायला पुढचा बोलतो, मागचा तोंड उघडत नाही. लक्ष गेलं की काच गेली. एरवी अबोला, म्हणून आधी यांनी आणि मग भावाने, पुढे असायची पाळी साधून आपापल्या लवादाचं नाव सांगून टाकलं होतं. मागचा गप्प, म्हणजे त्याची संमती! अख्खं कोर्ट हसलं. मी कपाळावर हात मारला.

बाईंनाही हसू आवरेना. ही संमती नव्हे, म्हणत त्यांनी दोन्ही निवाडे रद्द केले आणि दोघांना मान्य असा एकच माणूस निवडायला सांगितलं. दोघं व्हरांड्यात आले. मग भाऊ यांना म्हणाला, "ताई चालेल?"

"तिच्यापुढे कुणाचं चालतं?" हे म्हणाले.

मी आधी दोघांना मनसोक्त झापलं. मग सांगितलं, दुकान दोघांचंच राहील, यंत्र येईल, पण आरशांची काच हे हातानेच कापतील. यांनी मान डोलावली. भाऊ म्हणाला, लेखी दे. म्हटलं, घरी ये, देते.

तो आला. मी कागद शोधतेय तोवर हा स्वयंपाकघरात शिरून उभ्या उभ्या पातेल्यातलंच खायला लागला. ताट घे मेल्या, म्हणून मी त्याच्यावर ओरडले, आणि ओरडता ओरडता मला रडूच फुटलं. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.